भीड आणि परतीचा दोर

‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्याने लहानपणी ऐकली नाही असा मनुष्य आपल्यात विरळा. ज्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही तो शेवटी दारिद्र्याला पोचतो, हा तिचा सरळ अर्थ. परंतु मौज अशी की, हीच वडीलधारी मंडळी भिडस्त माणसाचे मनातून कौतुकही करीत असतात. परक्या घरी जेवावयास बसलेला मुलगा पोटात भूक असता ‘पुरे’ म्हणाला, तर त्याच्या आईला बरे वाटते. आणि एखादा गृहस्थ वारला म्हणजे ‘त्यांनी आयुष्यात कोणाला त्रास दिला नाही’ याहून मोठे प्रशस्तिपत्र आपण त्याला देत नाही. सारांश, भीड हा दोष असलाच तर तो सज्जनांचा दोष आहे, आणि त्याने नुकसान झालेच तर ते ज्याचे त्याचे होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पन्नाशी उलटेपर्यंत माझीही तीच होती. गेली पंचवीस-तीस वर्षे मी महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवीत आलो. पण ही समजूत एकदा तपासून पाहावी असे मला कधी वाटले नाही. तो प्रसंग आला तेव्हा हाताशी एकही पुस्तक नव्हते. अमेरिकेतील एका वाळवंटी घळीच्या तळाशी मी छातीइतक्या गार पाण्यात उभा होतो. तो प्रसंग आणि त्यातून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा एक स्नेही कॉलेज संपल्यावर अमेरिकेस गेला आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. विद्यार्थिदशेत आम्ही दोघांनी सह्याद्रीतील पुष्कळ गड आणि घाटवाटा पायांखाली घातल्या होत्या. रतनगडाच्या बाजूस, साम्रद गावापाशी, सांदण नावाची एक चिंचोळी दरी आहे. तिच्यात आम्ही एकदा उतरलो होतो. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या भिंती आणि माथ्यावर आकाशाची एक पट्टी, एवढेच त्या दिवसाचे चित्र माझ्या मनात राहिले आहे. माझ्या स्नेह्याच्या मनात मात्र त्या दिवसाने घर केले असले पाहिजे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या पठारावर अशा अरुंद घळी पुष्कळ आहेत. त्यांत उतरण्याचा त्याला छंदच जडला, आणि “एकदा ये, तुला सांदण दाखवतो, पण तांबड्या दगडातली,” असे तो मला दरवर्षी म्हणू लागला. अखेर २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या शेवटी मी गेलो.

आम्ही उतरलो ती घळ यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात आहे. तिला पाइन क्रीक म्हणतात. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, तर तेथील डोंगर वाळूचे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी त्या भागात वाळूच्या टेकड्यांचे अफाट वाळवंट होते. ती वाळू दबली, पाण्यातील क्षारांनी सांधली गेली आणि तिचा खडक झाला. वाऱ्याने प्राचीन काळी रचलेले वाळूचे तिरपे थर त्या खडकात आजही रेघांसारखे दिसतात. अशा उघड्या खडकात जोराचा पाऊस फारसा मुरत नाही. तो चोहोंकडून धावत येऊन एखाद्या भेगेत शिरतो आणि बरोबर आणलेल्या वाळूने व धोंड्यांनी ती भेग कानशीप्रमाणे घाशीत जातो. असे युगानुयुगे झाल्यावर जी वाट तयार होते तिच्या भिंती शेकडो फूट उंच, आणि रुंदी मात्र कित्येक ठिकाणी इतकी कमी की, हात पसरले तर दोन्ही तळवे भिंतींना टेकावेत.

ज्या पाण्याने ही घळ कोरली तेच पाणी तिच्यातील मुख्य भय आहे. डोक्यावरची पट्टी निळी असते, आणि मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा अंगावर येतो. ॲरिझोनातील अँटिलोप घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी अशाच लोंढ्याने ११ प्रवासी वाहून गेले. झायनमधल्याच कीहोल नावाच्या घळीत १४ सप्टेंबर २०१५ रोजी ७ जण प्राणास मुकले. म्हणून उद्यानाची कचेरी लोंढ्याच्या संभवाचा अंदाज दररोज जाहीर करते, ठरावीक संख्येनेच परवाने देते, आणि ज्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याचीच, असे स्पष्ट बजावते. आम्ही गेलो त्या दिवशीचा अंदाज निर्धोक होता, आणि पावसाने आम्हांला दगाही दिला नाही. वरच्या अंगाला पडलेला, पण खाली न कळलेला असा जो पाऊस होता, तो माझ्याच मनात होता.

उतरण्याची रीत समजून घेतल्याशिवाय पुढील गोष्ट ध्यानात येणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. खडकात पक्क्या बसविलेल्या मेखांना कडी अडकविलेली असते. तीतून दोर ओवून तो दुहेरी खाली सोडावयाचा. कमरपट्ट्याला लावलेल्या धातूच्या साधनातून तो घेऊन, घर्षणाच्या आधाराने हळूहळू उतरावयाचे. आणि सर्वजण खाली आले म्हणजे दोराचे एक टोक खेचावयाचे. दुसरे टोक वर चढत जाते, कडीतून निसटते आणि सबंध दोर खाली येऊन पडतो. पुढच्या उतरणीस तोच दोर लागणार असल्यामुळे तो खेचण्यावाचून गत्यंतर नसते. आणि एकदा खेचला, की आलेल्या वाटेने परत जाणे संपले. कारण त्या गुळगुळीत भिंती चढून जाणे आमच्यासारख्यांना शक्य नसते. मग घळ जिकडे नेईल तिकडे, तिच्या शेवटापर्यंत, गेलेच पाहिजे.

माझा डावा गुडघा वर्षभर दुखत होता. चढण्यापेक्षा उतरताना जपा, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. ही गोष्ट मी स्नेह्याला कळविली नव्हती. कळवावयाची नाही असा काही निश्चय केला होता असे नव्हे. फोनवर बोलताना ती जिभेच्या टोकाशी येई. परंतु त्याने रजा काढली आहे, परवाना मिळविला आहे, माझ्या मापाचा पाण्यातील पोशाखही भाड्याने आणून ठेवला आहे. अशा वेळी आपल्या गुडघ्याचे रडगाणे कोठे गावयाचे, असे वाटून ती तेथेच राही. त्या दिवशी सकाळी निघताना त्याने रीतीप्रमाणे विचारले, “काही दुखतंखुपतं नाही ना रे?” मी म्हणालो, “छे रे!”

पहिली उतरण फार मोठी नव्हती. तरीही खाली पाय टेकताच गुडघ्यातून कळ निघाली. माझ्यामागून तो उतरला, दोराचे टोक त्याने हातात घेतले आणि थांबून विचारले, “खेचू?” ही त्याची पद्धतच आहे, बरोबरच्या माणसाने तोंडाने होकार दिल्याशिवाय तो पहिला दोर कधी खेचीत नाही. उतरण लहान असल्यामुळे, दोर जागेवर असेपर्यंत, त्याच्या आधाराने परत वर जाणे कष्टाचे असले तरी शक्य होते. मी एकवार दोराकडे पाहिले, एकवार त्याच्या आनंदलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणालो, “खेच.” दोर सळसळत खाली आला.

पुढे जे व्हावयाचे ते झाले. तासाभरातच, भिंतींमध्ये अडकलेल्या एका शिळेवरून खालच्या डोहात उतरताना माझा गुडघा मुरगळला आणि त्यावर भार टाकणे अशक्य झाले. त्या घळीच्या तळाशी ऊन पोचत नाही, त्यामुळे बाहेर उन्हाळ्याचा ताप असला तरी डोहांतले पाणी बर्फासारखे असते. आणि स्थिर हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. अंगातला रबरी पोशाख ही लूट मंद करतो, थांबवीत नाही. अशा जागी चालत राहणे हाच एक उपाय, आणि तोच माझ्याने होईना. माझी पिशवी त्याच्या पाठीवर गेली. प्रत्येक उतरणीला तो आधी खाली जाई, पाण्यात उभा राहून माझा दोर सांभाळी, मी खाली पोचलो की मला खांदा देई, आणि पुढील उतरणीपर्यंत नेऊन बसवी. मी हळू, म्हणून तो पाण्यात उभा; मी जितका हळू, तितका तो पाण्यात अधिक वेळ उभा. एका डोहात, छातीइतक्या पाण्यात, त्याला कमरपट्ट्याची कडी उघडावयाची होती. त्याची बोटे तिच्यावरून घसरत होती. दोनदा, तीनदा, चारदा. तो माझ्याकडे पाहून हसला आणि काहीतरी बोलला. ते शब्द जड जिभेच्या माणसाचे होते. मी ती कडी उघडून दिली. गुडघा माझा, आणि थंडीने कुडकुडत मृत्यूच्या वाटेला लागलेला मनुष्य तो, हा हिशेब मला त्या क्षणी प्रथमच स्वच्छ दिसला.

सुदैवाने पुढे एका जागी कोरडी वाळू लागली. तेथे आम्ही थांबलो, पिशवीतले होते नव्हते ते गोड खाल्ले आणि एकमेकांचे हात चोळले. हळूहळू त्याच्या बोलण्यातील जडपणा गेला. शेवटची उतरण सुमारे १०० फुटांची, आणि तिचा बराच भाग अधांतरी. जिला मी सर्वांत भ्यालो होतो तीच मला सर्वांत सोपी गेली, कारण अधांतरी मनुष्याला गुडघ्याचे काम पडत नाही. त्यापुढे मोठमोठ्या शिळांमधून खुरडत आम्ही सडकेला लागलो तेव्हा अंधार पडला होता. त्याच डोंगराच्या पोटातून १९३० साली वाहतुकीस खुला झालेला, मैलाहून किंचित लांब असा एक बोगदा जातो, आणि त्याला मधूनमधून याच दरीवर उघडणाऱ्या खिडक्या आहेत. दिवसभर आमच्या वरच्या अंगाने माणसे मोटारीत बसून तो डोंगर काही मिनिटांत ओलांडीत होती.

परतताना मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी म्हणालो, “चूक माझी झाली. गुडघा वर्षभर दुखतोय.” तो म्हणाला, “मला ते सकाळीच दिसलं होतं. घळीत शिरायच्या आधी उतारावर तू डावा पाय आखडता टाकत होतास. सरळ विचारलं असतं, तर तुला वाटलं असतं, हा आता मला म्हातारा समजायला लागला. म्हणून ‘दुखतंखुपतं नाही ना’ एवढंच म्हटलं. तू ‘छे’ म्हणालास आणि मला सुटल्यासारखं झालं.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “दुसरा कोणी असता तर मी त्याला तिथूनच परत फिरवला असता.”

म्हणजे त्या दिवशी घळीत एक भीड उतरली नव्हती, दोन उतरल्या होत्या. आणि जेथे परक्या माणसाचे रक्षण झाले असते, तेथे जिवलग मित्रांचे झाले नाही.

आता या प्रकारात नेमका अपराध कोणता, याचा विचार करू. मी खोटे बोललो, हा अपराध तर उघडच आहे. कान्टसारख्या तत्त्ववेत्त्याला तेवढे पुरे झाले असते. १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, आपल्या मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याने त्याचा ठावठिकाणा विचारला, तरी त्यालासुद्धा खोटे सांगण्याचा आपणांस अधिकार नाही. मी वर्गात दरवर्षी हे मत सांगतो आणि दरवर्षी विद्यार्थी हसतात. परंतु माझ्या ‘छे रे’ मधील दोष मला असत्यापेक्षा निराळा वाटतो. मी तोंडाने काहीच न बोलता मान हलविली असती, किंवा त्याने विचारलेच नसते आणि मी गप्प राहिलो असतो, तरी तो दोष तसाच उरला असता. तो दोष असा की, दोर खेचण्याचा निर्णय आम्हां दोघांचा होता आणि तो घेण्यास लागणारे ज्ञान मी एकट्याने दाबून ठेवले. त्याने दोर खेचला तो धडधाकट सोबती बरोबर आहे या समजुतीने. तो मनुष्य तेथे नव्हताच.

परतीचे दोर कापणे हा वाक्प्रचार आपणांस सिंहगडाच्या लढाईने दिला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे, आणि दृढनिश्चयाचे उदाहरण म्हणून आपण ती मुलांना सांगतो. ती योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. सूर्याजीने दोर कापले ते सर्वांदेखत. गड कोणता, शत्रू किती, आपला सरदार पडला आहे, हे जितके सूर्याजीला ठाऊक होते तितकेच प्रत्येक मावळ्याला ठाऊक होते. दोर कापण्यात जबरदस्ती होती, पण फसवणूक नव्हती. आमच्या घळीत याच्या उलट झाले. दोर माझ्या मित्राच्या हाताने, माझी परवानगी विचारून, अगदी रीतसर खेचला गेला. पण खऱ्या अर्थाने तो कापला मी, आणि तोही त्याच्या नकळत.

महाभारतातील कर्णाची एक कथा या ठिकाणी आठवते. परशुराम त्याच्या मांडीवर डोके ठेवून निजले असता एका किड्याने त्याची मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्णाने हूं की चूं केले नाही. रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागे झाले, एवढी वेदना ब्राह्मणाला सोसणार नाही हे त्यांनी ताडले, आणि आपले कूळ लपवून विद्या घेतल्याबद्दल त्यांनी त्याला शाप दिला. लहानपणी ही कथा ऐकताना मला परशुरामांचा राग येई. एवढ्या सहनशीलतेचे हेच का फळ, असे वाटे. आता वाटते की, कथेतील दोन गोष्टी निराळ्या करून पाहिल्या पाहिजेत. मांडीची वेदना कर्णाची एकट्याची होती. ती सोसण्याचा त्याला अधिकार होता आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु तो कोण आहे ही गोष्ट त्याच्या एकट्याची नव्हती. तिच्यावर परशुरामांचा विद्या देण्या-न देण्याचा निर्णय अवलंबून होता. त्यांची अट न्याय्य होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. पण ती चुकविण्यासाठी कर्णाने त्यांचा निर्णय स्वतःच घेऊन टाकला. कर्णाचे दुर्दैव असे की, त्याचा उत्तम गुण आणि त्याचा अपराध या दोहोंचे बाह्य रूप एकच होते: मौन. माझ्या मते भिडेचा सगळा घोटाळा येथेच आहे. सोसणाऱ्याचे मौन आणि लपविणाऱ्याचे मौन बाहेरून सारखेच दिसतात. इतकेच नव्हे, तर आतूनही, ज्याचे त्याला, पुष्कळदा सारखेच वाटतात. मला त्या सकाळी मी खोटा वाटलो नाही, समंजस वाटलो.

ॲरिस्टॉटलने मित्राला ‘दुसरा मी’ म्हटले आहे. विचार उदात्त आहे, पण त्यात एक फसवा वळसा आहे. मित्र म्हणजे दुसरा मीच, असे एकदा धरले, की त्याच्या वतीने ठरविण्यास मी मोकळा होतो. ‘हे ऐकून त्याला वाईट वाटेल’, ‘त्याचा विरस होईल’, ‘त्याला एवढे चालेल’ असे निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकतो आणि त्यालाच स्नेह समजतो. घळीत शिरण्यापूर्वी आम्ही दोघांनीही नेमके हेच केले. मित्र हा दुसरा मी असेल. पण त्याआधी तो दुसरा आहे, त्याची थंडी निराळी आहे, आणि त्याचा निर्णय त्याच्यापाशी आहे, एवढा परकेपणा मैत्रीत शिल्लक राहिला पाहिजे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मनुष्याने आपले प्रत्येक दुखणे बोलून दाखविण्याचे ठरविले तर मैत्रीचे रुग्णालय होईल, आणि मुकाट्याने सोसणे हा जो आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्पिढ्या जपलेला गुण आहे त्याला काही किंमतच उरणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी एक मर्यादा सुचवितो. जे दुःख माझे मला संपविता येते ते सांगावे की न सांगावे हे माझ्या खुशीवर आहे. त्याबाबतीत मौन हा सद्गुण असू शकेल. परंतु ज्या दुःखाचा भार उद्या दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार आहे, ते ऐकण्याचा त्याला हक्क आहे. आणि तो हक्क दोर खेचण्यापूर्वीचा आहे. नंतर दिलेला कबुलीजबाब प्रामाणिक असेल, डोळ्यांत पाणी आणणारा असेल, पण त्या वेळी ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरलेले नसते. यूटातल्याच ब्लूजॉन नावाच्या घळीत एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक एकटाच उतरला, आणि एका निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात सापडला. आपण कोठे जातो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. त्यामुळे त्याला कोठे शोधावे हे कोणास कळेना, आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात स्वतः कापून त्याला सुटका करून घ्यावी लागली. त्याच्या धैर्याची कीर्ती जगभर झाली. ते धैर्य खरेच होते. तथापि निघण्यापूर्वी कोणाजवळ उच्चारलेले एक वाक्य त्या सगळ्या धैर्याचे काम करू शकले असते.

डोंगरदऱ्यांचे हे शास्त्र आपल्या घरांत कशाला, असे वाटत असेल तर आपापल्या घरांतील परतीचे दोर आठवून पाहावेत. लग्न ठरविताना झाकलेले दुखणे, मुलाला परदेशी पाठविताना बापाने न सांगितलेले कर्ज, भावाभावांच्या वाटणीच्या वेळी ‘आता कशाला कटकट’ म्हणून गिळलेला शब्द, या सर्वांच्या मुळाशी बहुधा कपट नसते, भीडच असते. आणि प्रत्येक ठिकाणी एक क्षण असा असतो की, जेव्हा कोणीतरी दोराचे टोक हातात धरून ‘खेचू?’ म्हणून विचारीत असतो.

मी एम. ए.च्या परीक्षेस बसलो होतो तेव्हा माझे वडील गावी आजारी पडले. परीक्षा संपेपर्यंत त्याला कळवू नका, असे त्यांनीच घरात बजावले होते. शेवटचा पेपर देऊन मी घरी पोचलो तेव्हा ते माणसे ओळखत होते, पण बोलण्याचे त्राण उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते गेले. पुढे निकाल लागला आणि मला पहिला वर्ग मिळाला. नातेवाईक म्हणाले, त्यांनी तुझे वर्ष वाचविले. मी मान हलविली. कारण त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु परीक्षा की वडिलांपाशी पंधरा दिवस, ही निवड माझी होती, आणि ती माझ्यापासून काढून घेण्यात आली, हे शल्य मी तीस वर्षे बाळगीत आलो आहे. एवढे शल्य बाळगणाऱ्या मनुष्याने पहिली संधी मिळताच आपल्या मित्राशी तेच केले. वाईट सवयी आपण नकळत वारशाने घेतो, हे आपण जाणतो; चांगल्या माणसांच्या चुका आपण सद्गुण समजून घेतो, म्हणून त्या अधिक काळ टिकतात.

गेल्या डिसेंबरात माझा स्नेही पुण्यास आला होता. जुन्या सवयीने म्हणाला, “चल, एकदा सिंहगड पायी चढून येऊ.” मी नेहमीच्या वळणाने ‘चल की’ म्हणणार होतो, शब्द ओठांशी आलाही होता. तो आवरून म्हणालो, “गुडघा अजून धड नाही. चढेन कदाचित, पण उतरताना तुला त्रास होईल.” वाक्य साधे आहे, पण ते उच्चारताना मला घाम फुटल्यासारखे झाले, पन्नाशीनंतर नवे व्याकरण शिकणे सोपे नसते. तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, “बरं झालं बोललास. मलाही हल्ली चढावर दम लागतो. तुला सांगावं की नाही, याच विचारात होतो.”

आम्ही मोटारीच्या रस्त्याने गड चढलो. वर पिठलेभाकरी खाल्ली, आणि तानाजीच्या कड्यापाशी बराच वेळ बसून, जो दोर कापला गेला त्याविषयी आणि जो खेचावा लागला नाही त्याविषयी, गप्पा मारल्या.